डब्यात काही घालू नये

माझं लोणी घुसळायचं पिंप नाहीसं झालं, त्या सकाळी मी नवऱ्याला लग्नानंतर पहिल्यांदाच ‘मिस्टर टटल’ म्हटलं. एरवी तो माझा लेम. लेमुएल हे त्याचं बाप्तिस्म्याचं नाव फक्त त्याची आई वापरायची, आणि ती गेल्यापासून ते नाव कुणी बाहेर काढलं नव्हतं. पण बाईचं पिंप हरवलं की नवरा परका होतो.

“मिस्टर टटल,” मी मागच्या दारातून हाक मारली, “माझं पिंप तुम्ही कुठं पाहिलंत का?”

तो शेडमधून बाहेर आला. हात कोपरापर्यंत पिवळसर, भुवया पिवळसर, एका कानाची पाळीसुद्धा पिवळसर.

“हेटी, आधी रागावू नकोस. आत ये, बघ, आणि मग रागाव.”

“रागावण्याचा क्रम तुम्ही मला शिकवू नका.”

तरी मी आत गेले. माझं पिंप शेडच्या मधोमध उभं होतं आणि त्यात माझ्याच रवीनं लेमनं सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, घुसळला होता. सफेता, जवसाचं तेल, थोडं टर्पेंटाइन आणि चिमूटभर पिवडी. वर तरंग नाही, खाली गाळ नाही. रंग असा आला होता, की पोळीला लावावासा वाटेल.

“ओळख कुठला रंग ते,” लेम म्हणाला.

मला कळलं होतं, पण मी सांगणार नव्हते.

“आपल्या लोण्याचा! जून महिन्यातल्या. गाई कुरणात सुटतात तेव्हाच्या. किती दिवस हातानं ढवळून जमत नव्हता, आणि पिंपात एका सकाळी जमला. हेटी, तू जगातली सगळ्यात हुशार बाई आहेस.”

“मी काय केलं?”

“पिंप विकत घेतलंस.”

असा माणूस. रागवायला गेलं की हातात काही लागतच नाही.

त्या काळी आमच्या ओहायोत रंग विकत मिळायचा नाही, हे आजच्या पोरींना सांगून पटत नाही. सफेत्याचं पीप आणायचं, तेल आणायचं, आणि रंगाऱ्याला बोलवायचं. तो दगडी पाट्यावर वाटणार, बादलीत कालवणार, त्यात त्याचं गुपित घालणार, आणि तुम्ही तोवर तोंड फिरवून उभं राहायचं. खुराड्याला आणि स्वयंपाकघराला बायका आपापला रंग करायच्या; चुना, ताक, अंडं, हाताला येईल ते. प्रत्येकीची कृती तिच्या आईकडून आलेली आणि शेजारणीपासून लपवलेली.

लेम तेव्हा भावाच्या घोडागाड्यांच्या कारखान्यात चाकं रंगवायचा. एखाद्या गाडीचं चाक मोडलं की नवं चाक लागायचं, आणि ते नवं चाक जुन्या तीन चाकांशी रंगानं कधीच जुळायचं नाही, कारण रंग नव्यानं कालवलेला. गिऱ्हाइकाचं त्यावाचून काही अडायचं नाही. माझ्या नवऱ्याच्या घशाखाली मात्र जेवण उतरायचं नाही. तो गावातून जाताना घोडा बघायचा नाही, गाडीवान बघायचा नाही. चौथं चाक बघून सुस्कारा टाकायचा. त्यातून त्याच्या डोक्यात हे शिरलं: रंग एकदाच कालवायचा, नीट, आणि पत्र्याच्या डब्यात बंद करून विकायचा. उघडा, ढवळा, लावा. हा डबा आणि पुढच्या वर्षीचा डबा, रंग तोच.

गाव हसून लोळलं. सगळ्यांत जास्त म्हातारा थेडियस क्रल. आसपासच्या सगळ्या गावांत रंगारी म्हणून तो एकटाच, आणि दाढीतच बोलायची त्याला सवय.

“डब्यातला रंग!” तो आमच्या कुंपणाशी थांबून म्हणायचा. “टटल, उद्या बायकांना डब्यातून नवरे विकशील. झाकण उघडायचं, ढवळायचं, कामाला लावायचं.”

“मी दोन घेईन, मिस्टर क्रल,” मी आतून म्हणायची. “एक पिंप धुवायला.”

हसणं चालेल, पण लेमला जागा हवी होती. ओढ्यावरची जुनी पिठाची गिरणी बंद पडली होती. पाणचक्की शाबूत होती, आणि ती चक्की माझ्या पिंपासारखी शंभर पिंपं फिरवील असं लेमचं म्हणणं. गिरणी गावाच्या मालकीची होती आणि कुणाला द्यायची ते डीकन हबर्ड ठरवणार होते. डीकन म्हणजे आमच्या मेथडिस्ट चर्चचे खांब. दारूबंदीच्या शपथेच्या कागदावर पहिली सही त्यांची. चेहरा असा, की त्यांच्यासमोर सफरचंदाचा रस प्यायलाही जीव कचरायचा. गिरणीवर आणखी एकाचा डोळा होता. पलीकडच्या गावातला एक काकडीवाला, सिरक्यात काकड्या मुरवून विकणारा.

“काकड्या लोक खातात, ब्रदर टटल,” डीकन म्हणाले. “रंग कोण खातं?”

“चर्चला रंग हवाय ना?” लेम म्हणाला. मी त्याचा कोट मागून ओढला, पण तो पुढं निघाला होता. “रंग मी देतो. रंगारी नको. गावानं इर्जिक घालावं, बायकाबाप्यांनी मिळून लावावा, ज्यांनी कधी कुंचला धरला नाही त्यांनीसुद्धा. रविवारच्या उपासनेपर्यंत चारी भिंती वाळलेल्या आणि एका रंगाच्या दिसल्या तर गिरणी माझी.”

“आणि नाही दिसल्या तर?”

“तर गिरणी काकड्यांची. आणि मी भावाकडे परत चाकं रंगवीन, पुन्हा डब्याचं नाव काढणार नाही.”

घरी येताना मी विचारलं, “खरंच काढणार नाहीस?”

“नाही,” तो म्हणाला, आणि वाटेतल्या एकाही चाकाकडे त्यानं बघितलं नाही. लेमनं चाक बघितलं नाही की समजावं, माणूस घाबरलाय. भाऊ त्याला जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कामगारांसमोर ‘राजेसाहेब’ म्हणायचा. ते आयुष्यभर ऐकायचं होतं.

बुधवारी इर्जिक ठरलं. ऊन असं स्वच्छ, की जणू लेमनंच कालवून ठेवलेलं. घरोघरच्या शिड्या आल्या, पोरं आली, कुत्री आली. भाजलेल्या कोंबड्या, सफरचंदाचं सारण भरलेल्या भाजक्या पोळ्या, तळलेली डोनट, बिटाची लोणची. जेवण मांडायचं काम माझ्याकडे. लेम एका पालथ्या पिंपावर चढला. पिंप माझंच.

“मित्रहो, बहिणींनो! डबा उघडा. तळापासून ढवळा. आणि लावा. एवढंच. ह्यात काही घालू नका. तेल नाही, पाणी नाही, काही म्हणजे काही नाही.”

बायकांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबांच्या प्रवचनाला डोलावतात तशा. तिथंच मला कळायला हवं होतं.

क्रल म्हातारा सगळ्यांत आधी आला होता. सगळ्यांना वाटलं, मजा बघायला आलाय. तर त्यानं गुपचूप एक डबा उचलला आणि उत्तरेची भिंत मागितली. उत्तरेची भिंत म्हणजे ओल, शेवाळ आणि सावली. तिच्यावर रंग टिकवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं.

“ती कशाला घेतोस, थेडियस?” लेमनं विचारलं.

“तुझा रंग मेला तर इथं आधी मरेल,” क्रल दाढीत म्हणाला.

पूर्वेची भिंत सिस्टर पोमरॉयनी घेतली; चर्चमध्ये आम्ही सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टरच म्हणतो. बायकांच्या शिवणमंडळाच्या त्या मुख्य. शिवणमंडळात सुयासुद्धा त्यांना विचारून चालायच्या. दक्षिणेची त्यांच्या दोन सुनांनी, अर्धी अर्धी, कारण त्या दोघी एका शिडीवर राहू शकत नसत. दर्शनी भिंत डीकनच्या बायकोनं, सिस्टर फिडेलियानं. फिडेलिया म्हणजे साधा जीव. कुणी म्हटलं की चंद्र लोण्याचा आहे, तर ती विचारील, मीठ घातलंय का.

सिस्टर पोमरॉयच्या हातात झाकलेली टोपली होती.

“त्यात काय, सिस्टर?” मी सहज विचारलं.

“माझ्या गुडघ्यांचं,” त्या म्हणाल्या, आणि टोपली शिडीमागे ठेवली.

संध्याकाळपर्यंत चर्च उभं राहिलं ते अख्खं लोण्याच्या रंगात. ओलं, चकचकीत, चारी बाजूंनी एकसारखं. गाव मागे सरून बघत राहिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मेथडिस्ट नाचत नाहीत; लेमनं मला नुसतं उचललं आणि अंगणातल्या हातपंपाभोवती गोल फिरवलं, एवढंच. माझे पाय जमिनीवर नव्हते, तेव्हा त्याला नाच म्हणता येणार नाही.

गुरुवारी चर्च छान होतं. शुक्रवारी लेम बघून आला आणि तडक शेडमध्ये गेला. शनिवारी मी त्याच्याबरोबर गेले.

काय सांगू! पूर्वेच्या भिंतीवर रंग फाटला होता, दूध फाटतं तसा, आणि त्याचे दाणे दाणे झाले होते. दक्षिणेची अर्धी भिंत डबक्यासारखी हिरवट. उरलेली अर्धी वाळलीच नव्हती. तिच्यावर माश्या, गांधीलमाश्या, पानं आणि पाळकसाहेबांच्या कोंबडीची मूठभर पिसं. दर्शनी भिंत अशी सुरकुतली होती, की चर्च आपल्याहून म्हातारं आहे असं वाटून मनात आदर यावा. आणि उत्तरेची भिंत? गुळगुळीत. आरशासारखी. जून महिन्यातलं लोणी.

तिच्यासमोर एका उलट्या बादलीवर क्रल बसला होता. गुरुवारपासून रोज तसाच बसायचा म्हणे, हातात काठी. मधूनच उठायचा, नखानं भिंत खरवडायचा आणि परत बसायचा. आम्हाला बघून त्यानं तोंड फिरवलं.

मी पूर्वेच्या भिंतीला नाक लावलं.

“लेम, हे ताक आहे.”

“काय?”

“ताक. सिस्टर पोमरॉयचं. त्या मीठ जास्त घालतात.” मी दक्षिणेला गेले. “ही हिरवी का झाली? पिवळ्यात निळं पडलं म्हणून. धाकट्या सुनेनं कपड्यांची नीळ घातलीय. पांढरं खुलावं म्हणून घातली असणार. आणि ही चिकट बाजू—” मी बोट चाटलं. “काकवी. देवा रे, ह्या बाईनं काकवी घातली.”

“रंग चाटू नकोस, हेटी.”

“लेम, तुझा रंग वाईट नाही! ह्यांनी आपापलं गुपित घातलंय सगळ्यांनी!”

तो उजळला, आणि लगेच विझला. “घातलं कुणी ते तूच म्हणणार. सिस्टर पोमरॉय नाही म्हणतील. सुना पहिल्यांदाच सासूच्या बाजूनं उभ्या राहतील. आणि दर्शनी भिंत डीकनच्या बायकोची आहे. तिला चर्चच्या दारात खोटं पाडून डीकनकडून गिरणी मागू? नको. म्हाताऱ्या बाईला रडवून मला कंपनी काढायची नाही.”

“मग?”

“मग चाकं,” तो म्हणाला आणि हसला. ते हसू मला अजून आठवतं. बिनढवळलेलं हसू, वर नुसतं तेल.

रविवारी अख्खं गाव आलं, काकडीवालासुद्धा. तो पलीकडच्या गावचा आणि बॅप्टिस्ट, पण त्या दिवशी त्याला आमच्या चर्चची ओढ लागली होती. डीकन हबर्डनी चारी भिंतींना फेरी मारली आणि पायरीवर उभं राहून सांगितलं, “उत्तरेची भिंत उत्तम आहे. ती कुणी रंगवली? ज्यानं जन्मभर रंग कालवला त्यानं. बाकीच्या डब्यावर विसंबल्या. डब्यातला रंग किती कामाचा ते दिसतंच आहे. तरी निर्णय उपासनेनंतर सांगेन.” आणि काकडीवाल्याकडे बघून मान हलवली.

लेमनं टोपी काढली आणि आत जाऊन बसला. मी शेजारी बसले आणि त्याचा हात धरला. नखांत अजून पिवळं होतं.

आमच्याकडे प्रवचनानंतर साक्ष असते. ज्याच्या मनात काही असेल त्यानं उठून सांगायचं. दर आठवड्याला तीच माणसं उठतात आणि तीच पापं सांगतात. आम्हाला ती पाठ आहेत.

“कुणाला काही सांगायचंय?” पाळकसाहेबांनी विचारलं.

मागच्या बाकावरून क्रल उठला.

चर्च वळलं. हा माणूस आयुष्यात साक्षीला उठला नव्हता. उपासनेला यायचा तोही छताचं वार्निश बघायला. लेमनं माझा हात इतका आवळला, की अंगठी रुतली. आता हा म्हणणार, भिंत माझ्या गुपितामुळं टिकली. म्हणणारच. त्याचं पोट त्यावर होतं.

“मी काही घातलं नाही,” क्रल म्हणाला.

त्यानं पुढच्या बाकाची कड धरली.

“बिघडावा म्हणूनच मी आलो होतो. पण मी थेंबभर काही घातलं असतं, तर हा टटल जन्मभर म्हणाला असता, क्रलनं बिघडवला. म्हणून उघडला, ढवळला, लावला. सांगितलं तसं. सगळ्यांत घाण भिंतीवर. आणि गुरुवारपासून तिच्यासमोर बसून आहे, पापुद्रा कधी सुटतो म्हणून.” त्यानं दाढी ओढली. “सुटत नाही. चांगला आहे हो. माझ्याहून चांगला आहे. झोप नाही मला.”

तो खाली बसला. मग पुन्हा अर्धवट उठला. “आणि ज्यांनी घातलंय त्यांनी उठा. मी एकट्यानं का साक्ष द्यायची?”

एक बाक करकरलं. मग, अगदी सावकाश, सिस्टर पोमरॉय उठल्या, आणि त्यांच्या गुडघ्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

“ताक,” त्या म्हणाल्या. “थोडंसं. माझी आई घालायची. इतका कोरडा डबा देवाच्या घराला कसा लावायचा?”

“मी नीळ घातली!” धाकटी सून उठली आणि रडू लागली. “पांढरं खुलतं!”

“हिनं नीळ घातली म्हणून मी काकवी घातली,” थोरली म्हणाली. “चकाकी यावी म्हणून. हिच्या बाजूहून.”

“आणि मी,” पाळकसाहेब प्रवचनाच्या मंचावरून खोकले, “दाराच्या चौकटीला, अगदी किंचित, चुना.”

एव्हाना चर्चमध्ये हसू कुठून सुरू झालं ते सांगता येणार नाही. बाकांखालून आल्यासारखं आलं. माणसं गीतांची पुस्तकं तोंडावर धरून हसत होती. त्या गदारोळात सिस्टर फिडेलिया उठली, चेहरा स्वच्छ, धुतलेल्या बशीसारखा.

“मी पण घातलं,” ती म्हणाली. “पण माझं चांगलं होतं. डीकनचं औषध.”

“बस, फिडेलिया,” डीकन म्हणाले.

“नाही, साक्ष द्यायला हवी. पोटाचं औषध आहे ते त्यांचं. गोठ्यात गवताखाली ठेवतात, थंड राहावं म्हणून. रोज संध्याकाळी घेतात आणि गाई झोपल्यात का बघून येतात. वास टर्पेंटाइनसारखाच येतो. म्हटलं, जे डीकनच्या पोटाला चालतं ते चर्चला चालेल. अख्खी बाटली घातली.”

मग मागून क्रलचा आवाज आला, दाढीबाहेर, एकदम मोठा:

“म्हणून ती भिंत वाकडी दिसते होय!”

मी माझ्या जन्मात चर्च असं हसलेलं पाहिलं नाही. सिस्टर पोमरॉय बाकावर आडव्या झाल्या. दोघी सुना एकमेकींच्या गळ्यात पडल्या, ते त्यानंतर आजतागायत घडलेलं नाही. काकडीवाला उठून निघाला, पण बाहेर भिंतीला टेकून जोडा नीट करायला गेला आणि ती भिंत नेमकी काकवीची निघाली. कोट तिथं राहिला, तो घरी गेला.

डीकन हबर्ड बिटासारखे लाल झाले होते. ते उठले, हात वर केले आणि एका दमात म्हणाले, “गिरणी ब्रदर टटलची, ही घ्या किल्ली, सर्वांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटावेत!”

कुणी मिटले नाहीत. लेम तर बाकं ओलांडत मागे धावला आणि त्यानं क्रलच्या टकलावर, सगळ्या गावादेखत, मुका घेतला.

“सोड, मूर्खा,” क्रल म्हणाला. “डब्यावर लिही उद्या. मोठ्या अक्षरांत. ह्यात काही घालू नये.”

“लिहीन.”

“तरी घालतीलच.”

रविवारी काम करायचं नसतं, म्हणून लेम दिवसभर गिरणीच्या पायरीवर नुसता बसून होता, किल्ली मुठीत. मी तिथंच जेवण नेलं. तो खात होता आणि पाण्याच्या चाकाकडे बघत होता, आणि मला कळलं, त्याच्या आयुष्यात ते पहिलंच चाक होतं, ज्याचा रंग बघून त्याला सुस्कारा आला नाही.

सोमवारी चाक फिरलं. चर्च आम्ही खरवडून पुन्हा रंगवलं. क्रलनं देखरेख केली. बायकांच्या टोपल्या तो दारातच तपासायचा.

लेमनं मला नवं पिंप आणून दिलं, चेरीच्या लाकडाचं, पितळी कड्यांचं. आमच्या कंपनीचं लेबल छापून आलं तेव्हा त्यातलं पहिलं डब्याला लागलं नाही. ते मी माझ्या हातानं, कणकेच्या खळीनं, त्या पिंपाला चिकटवलं. ह्यात काही घालू नये.

त्यानंतर ते पिंप एकदाच नाहीसं झालं, आणि मी पुन्हा ‘मिस्टर टटल’ अशी हाक मारली.